लंडनमधलं बाबासाहेबांचं घर: नागपूरहून निघण्याआधी काय करायचं, दारात पोचल्यावर काय करायचं

नागपूरच्या माणसाचं लंडनला जायचं ठरलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "बाबासाहेबांच्या घरी जाणार ना?" जाणार असं आपण मोठ्या आनंदानं सांगतो. परत आल्यावर विचारावं, तर बरेच जण निळ्या फलकाखाली काढलेला एक फोटो दाखवतात आणि गप्प होतात. कुणी पोचलं तेव्हा दार बंद होतं. कुणी किंग हेन्रीज रोडऐवजी चेल्सीतल्या किंग्ज रोडवर जाऊन घर शोधत बसलं. कुणाच्या टूरमध्ये तिथं पंधरा मिनिटंच होती, त्यातली दहा ग्रुप फोटोत गेली.

मी वडिलांना घेऊन गेलो, तेव्हा आमचंही चुकलं. "रोज उघडं असतं" असं सहल ठरवून देणाऱ्यानं सांगितलं आणि आम्ही ते मानलं. वडील सत्तरी ओलांडलेले, अंगावर पांढरा सदरा, वरून कोट. बंद दारासमोर पाच मिनिटं हात जोडून उभे राहिले. सहलीचा तो दुसरा दिवस होता, म्हणून वाचलो. पाचव्या दिवशी पुन्हा गेलो आणि सगळं घर नीट पाहिलं. पहिल्या भेटीचा दिवसच सहलीचा शेवटचा असता तर वडिलांच्या वाट्याला फक्त दार आलं असतं. कुणावर अशी वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. दीक्षाभूमीसारखं मोकळं आवार, पायऱ्या, स्तूप असं तिथं काही नाही. लंडनच्या जुन्या वस्तीत एकाला एक लागून उभ्या असलेल्या उभट घरांपैकी ते एक. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून तिथं राहिले, तेव्हा त्यांचं वय तिशीचं होतं. संविधान, धर्मांतर, मंत्रिपद हे सगळं अजून पुढं होतं. या घरातून बाहेर पडणारा माणूस पैसे मोजून राहणारा एक संशोधक होता. हे लक्षात ठेवून गेलात तर छोट्या खोल्या बघून "एवढंच?" असं वाटणार नाही.

## टप्पा १: आधी चिचोलीला जाऊन या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

नागपूरच्या काटोल रोडवर चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या प्रत्यक्ष वापरातल्या वस्तू आहेत. त्यांचे कोट, टंकलेखन यंत्र, रोजच्या हाताळणीतल्या गोष्टी. लंडनला जायच्या महिनाभर आधी एक रविवार काढा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

का? लंडनच्या घरात टेबल, पलंग, पुस्तकं, चष्मा अशी मांडणी आहे. ती त्या काळचं वातावरण उभं करण्यासाठी नव्यानं केलेली आहे. खरी आहे ती वास्तू. चिचोलीत नेमकं उलटं आहे, तिथं जागा नवी आणि वस्तू अस्सल. हा फरक माहीत नसला की लंडनमध्ये लोक काचेआडच्या चष्म्याचे वीस फोटो काढतात आणि ज्या खिडकीतून बाबासाहेब रस्त्याकडं बघत असतील तिच्याकडं पाठ करून उभे राहतात. चिचोलीचा कोट आधी पाहिलेला असेल तर लंडनमध्ये नजर आपोआप भिंती, जिना, उजेड यांच्याकडं वळते.

याच महिन्यात चार तारखा वहीत लिहून काढा. पाठ करायची गरज नाही, तिथल्या भिंतीवरचा मजकूर वाचताना हाताशी असल्या म्हणजे झालं.

१९१६: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश. त्याच वर्षी ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव दाखल. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं.

१९२०: मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे आणि शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांची मदत घेऊन पुन्हा लंडनला.

१९२१ आणि १९२२: एम.एस्सी., मग बॅरिस्टर.

१९२३: डी.एस्सी. प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न. महाराष्ट्र शासनानं इंग्रजीत काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत तो सहाव्या खंडात आहे. अख्खा वाचला नाही तरी चालेल. प्रस्तावना आणि पहिलं प्रकरण चाळून जा. किंग हेन्रीज रोडवर राहत असताना हा माणूस कशात बुडालेला होता ते त्यातून कळतं.

तपासा: घरातल्या सगळ्यात लहान प्रवाशाला विचारा, "बाबासाहेब त्या घरात कशासाठी राहिले होते?" उत्तर आलं नाही तर तयारी अपुरी आहे.

## टप्पा २: घराची वेळ बघा, मग विमानाचं तिकीट

आपण तिकीट आधी काढतो, हॉटेल ठरवतो आणि घर कुठल्या तरी मोकळ्या अर्ध्या दिवसात कोंबतो. क्रम उलटा करा.

१. आंबेडकर हाऊसच्या, म्हणजे याच घराच्या, अधिकृत पानावर उघडण्याचे वार आणि वेळा बघा. नकाशाच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. आधी नाव नोंदवायची सोय दिसली तर नोंदवा. छापून घेतलेली प्रत फाइलमध्ये ठेवा.

२. आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट असेल तर आधी ईमेल करा. किती माणसं, किती वाजता, वयस्कर किती, हे सगळं लिहा. भारतीय उच्चायुक्तालयालाही प्रत पाठवा.

३. निघायच्या आठवडाभर आधी वेळा पुन्हा बघा. ज्या दिवशी जाणार त्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा बघा. दुरुस्ती, एखादा कार्यक्रम, पाहुण्यांची भेट अशा कारणांनी छोटी संग्रहालयं एखादा दिवस बंद राहू शकतात.

४. लंडनमधल्या मुक्कामाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ही भेट ठेवा. काही बिनसलं तर पुन्हा जाता येतं.

वेळेच्या फरकातही गफलत होते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. नागपूरहून फोन लावून चौकशी करणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

आता तारखांचं. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर किंवा ६ डिसेंबरला तिथं असावं असं मनात येणारच, ती ओढ मी समजू शकतो. पण घर शांतपणे बघायचं असेल तर हे दिवस टाळा. त्या दिवशी घर बघायला कमी आणि एकमेकांना भेटायला जास्त जाणं होतं. एप्रिलमध्ये अनेकदा ईस्टरच्या सुट्ट्याही याच सुमारास येतात. मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार तिथं सार्वजनिक सुट्टी असते. २५ डिसेंबरला तर लंडनमध्ये मेट्रो आणि बस बंदच असतात. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, हेही वयस्कर माणसं सोबत असताना धरून चाला.

सावध: विमान चुकलं, सामान हरवलं, झोप झाली नाही, असं पहिल्याच दिवशी घडू शकतं. उतरलेल्या दिवशी घरभेट ठेवू नका. दुसरा किंवा तिसरा दिवस बरा.

## टप्पा ३: व्हिसाची फाइल

इथं फक्त आपल्या भागातल्या लोकांच्या हातून होणाऱ्या चुका सांगतो.

प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून पर्यटक व्हिसाचा अर्ज करता येतो. बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यानंतर निर्णयाला सर्वसाधारणपणे तीन आठवडे लागतात. तेव्हा महिनाभर आधी धावपळ करण्यात अर्थ नाही. अडीच महिने आधी अर्ज गेलेला असावा.

मराठीतली कागदपत्रं तशीच जोडू नका. सातबारा, पेन्शनचे कागद, ग्रामपंचायतीचा दाखला, घरटॅक्सची पावती, यातलं जे काही लावाल त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं. भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क त्यावर असावा.

खात्यात पैसे दिसावेत म्हणून मामांकडून चार लाख घेऊन अर्जाच्या आदल्या आठवड्यात टाकणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सहा महिन्यांच्या विवरणात ती रक्कम वेगळी उठून दिसते. मुलगा खर्च करणार असेल तर सरळ तसं लिहा, त्याचं पगारपत्रक जोडा, नात्याचा पुरावा द्या. खरं लिहिलेलं कमी दिसलं तरी चालतं.

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं विमान तिकीट किंवा हॉटेल घेऊ नका. अर्ज नाकारला गेला तर फी परत मिळत नाही, निदान तिकीट तरी वाचेल.

प्रवासाच्या कारणात "पर्यटन" लिहा आणि दिनक्रमात आंबेडकर हाऊसचं नाव तारखेसह द्या. "नातेवाइकांकडे" असं मोघम लिहिण्यापेक्षा दिवसागणिक आखलेली सहल केव्हाही बरी.

तपासा: पासपोर्टावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का? आपल्याकडं वडिलांचं नाव मध्ये येतं, कधी आडनाव आधी येतं. इथंच घोळ होतो.

## टप्पा ४: बॅगेत काय नको

संत्रा बर्फी नको. पेढेही नकोत. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि तिथल्या नातेवाइकांसाठी नेलेला डबा विमानतळावरच टाकून द्यावा लागतो. चिवडा, कोरडी चटणी, शेंगदाण्याचा लाडू चालेल, तोही तुपातला नसावा.

मेणबत्त्या आणि अगरबत्त्या घरात लावायच्या म्हणून नेत असाल तर त्या नागपूरलाच ठेवा. का, ते पुढं सांगतो.

छत्रीपेक्षा टोपी असलेलं पातळ जॅकेट बरं. छोट्या खोल्यांत ओली छत्री अडचण करते. पायात चालायचे बूट हवेत. मोठी पाठपिशवी हॉटेलातच ठेवा, अरुंद जिन्यात ती मागच्या माणसाला लागते.

आणि एक वही. फोनमध्ये नोंदी करू म्हणाल तर होणार नाहीत.

## टप्पा ५: घर शेवटी, त्याआधी दोन ठिकाणं

थेट घरी जाऊ नका. बाबासाहेब या घरात झोपायला यायचे, पण त्यांचा दिवस जायचा तो वर्गात, ग्रंथालयात आणि ग्रेज इनमध्ये. त्याच क्रमानं गेलात तर घराचा अर्थ लागतो. सोमवार ते शुक्रवारपैकी एक दिवस यासाठी धरा.

सकाळ: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई). होबर्न स्टेशनवर उतरा आणि हाउटन स्ट्रीटपर्यंत चालत जा. तिथं बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. हे चालू विद्यापीठ आहे, मुलं वर्गाला धावत असतात. थेट आत घुसू नका. स्वागतकक्षात "भारतातून आलो आहोत, डॉ. आंबेडकरांचा पुतळा बघायचा आहे" एवढं सांगा. सोबत पासपोर्ट किंवा त्याची प्रत ठेवा. आधी ईमेल केलेला असेल तर काम सोपं होतं. पुतळ्यासमोर हात जोडा, फोटो काढा, पण वाटेत उभं राहून नाही.

दुपार: ग्रेज इन. एलएसईहून पायी जाता येतं. इथंच ते बॅरिस्टर झाले. आत त्यांच्या नावाची खोली आहे, त्यांचं चित्र आहे. पण ग्रेज इन म्हणजे वकिलांची काम करण्याची जागा, पर्यटकांना मुक्त प्रवेश नाही. आतली खोली बघायची असेल तर कित्येक आठवडे आधी लिहून परवानगी मागा आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. कामकाजाच्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुमारास तिथली बाग लोकांसाठी खुली असते. वडिलांना आम्ही तिथल्या बाकावर बसवलं. डब्यातली पोळी आणि चटणी काढली. "एवढ्या लांब येऊन कायदा शिकला," एवढंच ते म्हणाले आणि बराच वेळ समोरच्या झाडांकडं बघत राहिले. हा अर्धा तास दिनक्रमातून काढू नका.

घर लवकर बंद होत असेल तर क्रम बदला आणि घर सकाळी करा. बंद व्हायच्या वेळेच्या किमान दोन तास आधी दारात असलं पाहिजे.

सावध: याच दिवशी बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय आणि खरेदी घुसवू नका. "होऊन जाईल" म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला आदल्या रात्रीच समजावा.

## टप्पा ६: नॉर्दर्न लाइनचा घोळ

रस्ता चुकण्याची बहुतेक प्रकरणं इथली आहेत, म्हणून सावकाश वाचा.

घराजवळचं मेट्रो स्टेशन चॉक फार्म. ते नॉर्दर्न लाइनवर आहे, नकाशात काळी रेघ. ही लाइन कॅमडेन टाउनला दोन फाट्यांत फुटते. एक फाटा एजवेअरकडं जातो, दुसरा हाय बार्नेटकडं. चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर आहे.

१. ग्रेज इनमधून चान्सरी लेन स्टेशनला या. सेंट्रल लाइननं दोन स्टेशनं जा, टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरा.

२. तिथं नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडं जाणाऱ्या फलाटावर या. समोर गाडी आली म्हणून चढू नका. फलाटावरच्या पाटीवर आणि गाडीच्या कपाळावर "एजवेअर" आहे का बघा. नसेल तर पुढच्या गाडीची वाट बघा, दोन-चार मिनिटांत येते.

३. कॅमडेन टाउननंतरचं पुढचंच स्टेशन चॉक फार्म. कॅमडेन टाउननंतर केंटिश टाउन आलं तर चुकीच्या फाट्यावर आहात. उतरा, समोरच्या फलाटावरून कॅमडेन टाउनला परत या आणि एजवेअरची गाडी घ्या.

४. चॉक फार्मला उतरून रेल्वेवरचा पूल ओलांडा, रीजंट्स पार्क रोडच्या बाजूला या आणि किंग हेन्रीज रोडला लागा. दहा नंबर रस्त्याच्या सुरुवातीच्या भागातच आहे. सावकाश चाललात तरी दहा मिनिटांच्या आत पोचाल.

नकाशात टाकताना "हेन्रीज" हा शब्द गाळू नका आणि पोस्टकोड एनडब्ल्यू ३ नं सुरू होतो हे बघा. ज्यांनी नुसतं "किंग्ज रोड" टाकलं ते थेम्सच्या बाजूला, शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचले.

भाड्याचं: तिथं यूपीआय चालत नाही. गेटवर संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) कार्ड टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. त्यासाठी नागपूरहून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आणि संपर्करहित व्यवहार दोन्ही सुरू करून घ्या, आपल्याकडं ते बऱ्याचदा बंद असतात. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. एका कार्डावर आई-वडील दोघांना आत घेता येत नाही. आत जाताना कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना त्याच खात्याचा फोन टेकवला, तर यंत्र ते दोन वेगळे अर्धवट प्रवास धरतं आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापतं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत मेट्रोत फुकट जातात.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: चॉक फार्मला लिफ्ट आहे, तरी थोड्या पायऱ्या लागतातच. पायऱ्या अजिबात चढता येत नसतील तर टॅक्सीचे पैसे वाचवू नका.

तपासा: फलाटावर गटातल्या प्रत्येकाला विचारा, "कुठली गाडी?" सगळ्यांनी "एजवेअर" म्हणायला हवं. कुणी चुकून मागं राहिला तरी तो बरोबर पोचेल.

## टप्पा ७: दारात आणि घरात

रस्त्यावर वळलात की आवाज कमी करा. हे शिष्टाचारापुरतं सांगत नाही. महाराष्ट्र सरकारनं हे घर २०१५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर स्थानिक कॅमडेन कौन्सिलनं संग्रहालय म्हणून वापराला परवानगी नाकारली. राहण्यासाठीचं एक घर त्यामुळं कमी होईल, हे त्यांचं कारण होतं आणि गर्दी व आवाजाबद्दल शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. शेवटी मार्च २०२० मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं परवानगी दिली, म्हणून आज दार उघडं आहे. आपण त्या पायऱ्यांवर कसे वागतो त्याचा या घराशी थेट संबंध आहे. घोषणा द्यायचा उमाळा येतो, मला आला होता. एकमेकांना हळू आवाजात "जय भीम" म्हणा, तेवढं पुरतं.

१. फलक आधी वाचा, फोटो नंतर. निळ्या गोल फलकावर बाबासाहेबांना सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय म्हटलं आहे आणि १९२१-२२ मध्ये ते इथं राहिल्याची नोंद आहे. मुलांना मोठ्यानं वाचायला लावा. मग फोटो. शेजारच्या घरांची दारं, खिडक्या, गाड्या फोटोत येऊ देऊ नका आणि त्यांच्या पायऱ्यांवर बसू नका.

२. चपला-बूट. विहारात जातो तसे बूट काढायला आपले हात आपोआप जातात. सार्वजनिक फुटपाथवर जोड्यांची रांग लावू नका. आत विचारा, सांगतील तसं करा.

३. दारातल्या माणसाशी बोला. कुठून आलो, किती वेळ आहे, वयस्कर कोण आहे हे सांगा. फोटो काढले तर चालतील का ते खोलीगणिक विचारा. हार घालायचा असेल तर तोही विचारून.

४. वंदना. मेणबत्ती आणि अगरबत्ती पेटवू नका. जुनं घर, त्यात धुराची सूचना देणारी यंत्रं. एक अगरबत्ती लावली तर अलार्म वाजून सगळ्यांना रस्त्यावर उभं राहावं लागेल. त्रिशरण-पंचशील हळू आवाजात, उभं राहून म्हणता येतं. आम्ही मागच्या बागेत, पुतळ्यापाशी म्हटलं.

५. पहिली फेरी फोनशिवाय. हा माझा आग्रह आहे. फोन खिशात ठेवून सगळं घर एकदा खालपासून वरपर्यंत चाला. खिडकी कुठं आहे, उजेड कुठून येतो, जिना चढताना हात कुठं टेकतो, रस्त्याचा आवाज कुठल्या खोलीत येत नाही, हे बघा. वाचायला, लिहायला माणूस कुठं बसेल याचा अंदाज घ्या. मांडून ठेवलेलं टेबल सोडून स्वतःच्या डोळ्यांनी जागा शोधा.

६. दुसरी फेरी वाचायची. भिंतींवरची छायाचित्रं, कागदपत्रं, पाट्या वाचा. इथं वहीतल्या चार तारखा कामी येतात. १९२१-२२ च्या पुढचं पुष्कळ काही भिंतीवर आहे. महाड, गोलमेज परिषद, संविधान हे आपल्याला माहीत असतं, म्हणून पाय तिथंच थबकतात. विद्यार्थीदशेतल्या कागदांना जास्त वेळ द्या, ते नागपुरात सहसा बघायला मिळत नाहीत.

७. तिसऱ्या फेरीत फोटो. वीस पुरेत. माणसं नसलेले दहा, माणसांसह दहा.

८. बसा. पुस्तकांच्या खोलीत किंवा बागेत जिथं बसायची मुभा असेल तिथं दहा मिनिटं काही न बोलता बसा. मुलांना पाच मिनिटं चालतील.

लहान मुलांना नुसतं "शांत रहा" सांगून भागत नाही, त्यांना काम द्या. एकानं खिडक्या मोजायच्या, एकानं पायऱ्या, एकानं भिंतीवरची कोलंबिया, लंडन, मुंबई ही नावं शोधायची. माझ्या पुतणीनं पायऱ्या मोजता मोजता विचारलं, "बाबासाहेब थंडीत पाणी कसं गरम करत असतील?" मोठ्यांपैकी कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

सावध: थेट प्रक्षेपण करू नका. व्हिडिओ कॉलवर सगळ्या नातेवाइकांना घर "दाखवत" फिरणारा माणूस स्वतः काही बघत नाही आणि खोलीतल्या बाकीच्यांनाही बघू देत नाही. कॉल करायचाच असेल तर बाहेर पडून, प्रिमरोझ हिलच्या टेकडीवरून करा. घरापासून ती चालत जाण्याजोगी आहे, वरून लंडन दिसतं आणि तिथं मोठ्यानं बोललं तरी कुणाची हरकत नसते.

तपासा: बाहेर पडण्याआधी अभिप्रायाची वही दिसली तर तीत मराठीत लिहा. नाव, "नागपूर" आणि एक तरी पाहिलेली गोष्ट. "खूप छान वाटलं" पेक्षा "मागच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभे राहिलो" हे वाक्य पुढच्या वाचणाऱ्याला काहीतरी देतं.

## टप्पा ८: त्याच रात्री आणि परत आल्यावर

रात्री हॉटेलवर, झोपायच्या आधी, प्रत्येकानं वहीत पाच ओळी लिहायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरं काही बघणार, मग खोल्यांची सरमिसळ होते. लिहिता न येणाऱ्यांचं दुसऱ्यानं लिहून घ्यायचं, त्यांच्याच शब्दांत.

फोटो त्याच रात्री वेगळ्या ठिकाणी साठवा. गर्दीत फोन चोरीला जाण्याचे प्रकार लंडनमध्ये घडतात. मेट्रोतून बाहेर पडताना रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून नकाशा बघत उभं राहू नका.

नागपूरला परतल्यावर ज्यांना जाता येणार नाही अशांसाठी मोठ्या आकारात चार-पाच फोटो छापून घ्या. मोबाइलवर पुढं ढकललेला फोटो आजी-मावशीला दिसत नाही, बोट लागून पुढं सरकतो. आम्ही फलक, जिना, मागची खिडकी आणि ग्रेज इनचा बाक असे चार छापले. मागं तारीख आणि जागा लिहिली. एक संच वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात दिला.

वडिलांची वही मी नंतर वाचली. दुसऱ्या भेटीच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: "खोली आपल्या मधल्या खोलीएवढी. उजेड चांगला. इथं बसून वाचलं. मागच्या वेळी दार बंद होतं, त्या दिवशी शेजारच्या बाईंनी रविवारी सकाळी या म्हणून सांगितलं होतं, त्यांचे आभार मानायचे राहिले."